बांगडीचं माप

भाजी तर सगळं जगच खातं. पण भाजीला समोर उभं करून तिची उलटतपासणी घेणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. इतर ठिकाणी ज्याला नुसतं साडू म्हणतात त्याला आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे साडभाऊ म्हणतात. नुसत्या साडूला टाळता येतं. भाऊ म्हटलं की त्याच्या भानगडी निस्तरणं आलंच. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा हा नवरा. धानोऱ्याच्या शाळेत त्याची सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली. उंच, वाळलेला, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा, आणि सदऱ्याच्या खिशात तीन वस्तू कायमच्या: एक पेन, एक भिंग आणि काळ्या मिऱ्याच्या पुडीची एक डबी. पहिल्या दोन वस्तू मास्तराच्या खिशात शोभतात. तिसरीबद्दल कोणी विचारलं की त्याचा पुढचा तासभर गेलाच म्हणून समजा. मी हे हसत लिहायला घेतलं आहे खरं, पण या माणसाच्या गोष्टी सांगताना माझं हसू हल्ली मध्येच थांबतं, हे आधीच सांगून ठेवतो.

त्याचं म्हणणं असं की आपल्या प्रत्येक पेशीत जनुकं नावाची मंडळी दारं लावून बसलेली असतात. सगळीच जागी नसतात. कोण उठणार आणि कोण झोपणार हे पुष्कळसं आपल्या ताटात काय पडतं त्यावर ठरतं. हे त्यानं कुठे कुठे वाचलं ते त्यालाच ठाऊक. तहसीलजवळच्या दुकानातून इंग्रजी कागदांच्या चळती छापून आणायचा आणि शब्दकोश मांडीवर घेऊन दिवसभर त्यांत बुडून राहायचा. मला त्यातलं काही कळत नाही म्हटल्यावर त्यानं मला कोतवालाची गोष्ट सांगितली. "पाह्य, आपल्या गावात कोतवाल असते का नाई? चोर आला का तो दवंडी पिटते. गाव लाठ्या घेऊन धावते, चोराले हाणते आन् घरी जाऊन झोपते. शरीरात बी तसंच. जखम झाली का आतला कोतवाल जनुकांच्या दारावर जाऊन बोंबलते, उठा रे उठा! जनुकं उठतात, सूज आणतात, जखम भरते. हे चांगलंच हाये. पण एखाद्याचा कोतवाल येडा होते. चोर गेला तरी त्याची दवंडी थांबत नाई. मंग गाव कोणाले हाणते? घरच्याच माणसाले!" मी विचारलं, "आणि भाजी काय करते?" त्यावर त्याचा चेहरा असा उजळला की मला माझ्या अडाणीपणाचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. "भाजी त्या कोतवालाचा हात धरते. हळद धरते, आवळा धरते, तरोटा धरते. कोण किती जोरानं धरते, एवढंच पाहाचं राह्यलं."

एवढंच पाहायचं राहिलं म्हणून त्यानं आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या पंक्तींचा विचका केला. चिमूरला एका लग्नात पंगत बसलेली असताना हा पानावरून उठला आणि थेट आचाऱ्याच्या भट्टीवर गेला. हळदीतला पिवळा अंश पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि सोबत मिरी असेल तर अंगाला जास्त लागतो, हे त्याचं आवडतं कलम. तेव्हा हळद तेलात पडली की पाण्यात, याचा त्यानं जाब मागितला. दोनशे माणसांचं वरण ढवळून घामाघूम झालेला तो आचारी म्हणाला, "गुरुजी, हळद नवरदेवाले लागली, लगन लागलं. आता गुमान जेवा ना." हा परत आला, पण येताना वरणाच्या बादलीत मिऱ्याची अख्खी डबी रिकामी करून आला. वरमायनं त्या दिवशी ठसक्यावर ठसके देत वऱ्हाडाचा निरोप घेतला. धानोऱ्याच्या बसमध्ये तर त्यानं एकदा उभं राहून गुडघे दुखणाऱ्या कंडक्टरला जवसाच्या चटणीवर असं व्याख्यान दिलं की त्याचा स्वतःचा थांबा मागे गेला, आणि ऐकत बसलेल्या आणखी चौघांचाही गेला. ती पाच माणसं उन्हात पायी परत आली. वाटेतही व्याख्यान सुरूच होतं म्हणतात.

माझ्या मुलासाठी मुलगी पाहायला आम्ही वरोऱ्याजवळच्या एका गावी गेलो तेव्हा मी त्याला सोबत नेण्याची चूक केली. चहा-पोहे झाले. मुलगी खाली मान घालून बसली. शिक्षण, नोकरी, सगळं विचारून झालं. आता काही विचारायचं आहे का, असं मुलीच्या वडिलांनी रीतीप्रमाणे म्हटलं, आणि साडभाऊनं चष्मा पुसला. "पोरीची आई पोटात होती तवा आजीबाईनं काय काय खाल्लं होतं?" आत भांडं घासणारीचा हातही थांबला. मग हा समजावून सांगू लागला की मुलगी आईच्या पोटात वाढते तेव्हाच तिच्या पुढच्या लेकरांचं बीज तिच्यात तयार असतं, म्हणजे आजीच्या एका ताटात तीन पिढ्या जेवतात. मुलीचा काका उठून उभा राहिला. सोयरीक मोडली असं मी मनातल्या मनात बायकोला सांगूनही टाकलं. तेवढ्यात आतून काठी टेकत एक म्हातारी, मुलीच्या आईची आई, आली आणि त्याच्यापुढ्यात बसली. "मी सांगते, लिहून घेजो," म्हणाली. अंबाडी, ज्वारीच्या कण्या, जवस, मोहाच्या फुलांचे लाडू, आणि कोणी पाहत नसताना भिताडाची ओली माती. त्यानं मातीसुद्धा लिहून घेतली. सोयरीक तिथेच पक्की झाली. म्हातारी नंतर माझ्या बायकोला म्हणाली, मी काय खाल्लं हे आजवर मले कोणी विचारलंच नाई.

असा हा माणूस. धानोऱ्याच्या आठवडी बाजारात जंगलातल्या पाड्यावरून भाजी घेऊन येणारी एक गोंड मावशी होती. तिच्याकडून तो तरोटा, म्हणजे तुमच्याकडचा टाकळा, कुड्याची फुलं, आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, घ्यायचा आणि दर वेळी विचारायचा, हे खाल्लं तर अंगात काय करते? ती दर वेळी एकच सांगायची, "काय करते? पोट भरते, गुरुजी." तेही त्यानं वहीत लिहिलं होतं, आणि पुढे कंसात 'तपासणे'.

पण ही वही कुठून आली ते सांगितलं नाही तर त्याच्यावर अन्याय होईल. निवृत्त झाल्यावर पहिले काही महिने साडभाऊ घराच्या अंगणात भिंतीकडे तोंड करून बसायचा. शाळेत प्रार्थनेची घंटा व्हायची त्या वेळी खुर्चीतून आपोआप उभा राहायचा, आणि आपण कशाला उभे राहिलो हे लक्षात आल्यावर पुन्हा बसायचा. त्यांना मूलबाळ नाही. त्याच्या बायकोला आम्ही सगळे बाई म्हणतो. बाईंची तांदळाची भाकर आमच्या सगळ्या घराण्यात प्रसिद्ध, पातळ आणि ताटाच्या काठाबाहेर जाणारी. हातावर थापताना ती कधी फाटली नाही. त्या बाईंची बोटं सकाळी उठल्यावर आखडू लागली. मग ओला कपडा पिळता येईना, मग बोटांच्या पेरांवर सूज आली. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांध्यांचा आजार सांगितला, शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं असा, आणि गोळ्या दिल्या, न चुकता घ्यायच्या म्हणून बजावलं. त्या दिवशी घरी परत येताना बसमध्ये साडभाऊ म्हणाला, "म्हंजे इचा कोतवाल येडा झाला." दुसऱ्या दिवसापासून तो अंगणातल्या खुर्चीत दिसला नाही. त्याला काम मिळालं होतं.

आता सूज मोजायची कशानं? टेप त्याला पटेना. "टेप ढिला धरला का खोटं बोलते. बांगडी खोटं बोलत नाई." गडचिरोलीच्या कासाराकडून त्यानं सहा मापांच्या पितळी बांगड्या आणल्या, दोन-दोनपासून दोन-बारापर्यंत. रोज सकाळी चहाच्या आधी बाईंनी उजव्या हाताची बोटं जुळवून त्यातून बांगडी घालायची. पेरांवरून उतरून मनगटात पडेल ती सगळ्यांत लहान बांगडी, तो त्या दिवसाचा आकडा. नियमही त्यानं शाळेतल्या प्रयोगासारखे केले. निरीक्षकानं हात लावायचा नाही, कारण त्याच्या मनात आशा असते आणि आशेनं हाताला जोर येतो. म्हणून बाई स्वयंपाकघराच्या दारात बसायच्या आणि हा त्यांच्याकडे पाठ करून भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसायचा. "झालं" असं बाईंनी म्हटलं की वळायचं, मनगटातली बांगडी पाहायची आणि वहीत लिहायचं. पहिल्याच पानावर वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: निरीक्षकाचा हात लागल्यास नोंद बाद.

दुसरा नियम, एका वेळी एकच बदल. म्हणून एकवीस दिवस एकच भाजी. आम्ही दिवाळीनंतर चार दिवस राहायला गेलो तर चारही दिवस दोन्ही वेळा वाळवलेला तरोटा. माझी बायको म्हणाली, भाऊजी, गुरांनासुद्धा वैरण बदलून देतात. तर म्हणाला, "तू पाहुणी हाये, तुहा आकडा मी लिहीत नाई. तुले पायजे ते खा." आणि तिला पाहिजे ते म्हणून घरात दुसरं काही नव्हतंच. याच नियमापायी त्यानं ती गोष्ट केली, जी आठवली की मला आजही त्याच्यापेक्षा माझाच जास्त राग येतो. त्यानं गोळ्या बंद केल्या. तो औषधाच्या विरुद्ध नव्हता, हो. कधीच नव्हता. त्याला फक्त हिशेब स्वच्छ हवा होता. "दोन्ही चालू ठेवलं तर गुण कोणाचा म्हणू? थोडे दिवस पाहू, नाई जमलं तर गोळ्या हायेतच ना." गोळ्यांनी बाईंचं पोट बिघडायचं, केस गळायचे, त्यामुळे त्याही म्हणाल्या, राहू द्या. मी म्हटलं, "भाऊ, हे बरं नाही, डॉक्टरला तरी विचारा." एकदाच म्हटलं. त्यानं माझ्यासमोर कागदांची चळत ठेवली, आणि मी, उभा जन्म शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिण्यात घालवलेला कारकून, त्या इंग्रजीपुढे गप्प बसलो. ज्याला दुसऱ्यांदा म्हणता आलं असतं तो मी होतो.

आणि आकडे उतरू लागले! दोन-दहाचे दोन-आठ झाले, हळदीच्या दिवसांत दोन-सहा झाले. भद्रावतीला माझ्या ऑफिसात फोन वाजायचा, नमस्कार-चमत्कार काही नाही, पलीकडून फक्त ओरडणं: "दोन-सहा!" मीही आनंदानं ओरडायचो, "दोन-सहा?" शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना बरेच दिवस मी आकडा लावतो असा संशय होता. पुढे एकदा त्यांनी हळूच मलाच विचारलं, उद्या काय येईल म्हणून. वास्त्यांच्या एकवीस दिवसांत दोन-चार आलं तेव्हा साडभाऊनं बाजारात त्या गोंड मावशीला सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला. ती घाबरून टोपली उचलून निघाली. बाजारातले लोक हसले, मीही हसलो. इतका आनंदी मी त्याला नोकरीतही पाहिला नव्हता.

भाकर मात्र लहान होत होती. हे आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. ताटाबाहेर जाणारी भाकर ताटात मावू लागली, मग तळहाताएवढी झाली, जाड झाली, काठ फाटू लागले. बाई म्हणायच्या, नव्या तांदळाचं पीठ आहे, थापलं जात नाही. आम्ही मान डोलावून खाल्ली. साडभाऊनंही खाल्ली. त्याच्या वहीत भाजी होती, दिवस होता, बांगडी होती. भाकरीचा रकाना नव्हता.

मग माझ्या मुलाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आलं. भद्रावतीला आमच्याच घरी मांडव होता. थोरली मावशी म्हणून नव्या मुलीला पहिलं कुंकू लावण्याचा मान बाईंचा. पाटाजवळ बसून त्यांनी कुंकवाच्या करंड्यात हात घातला आणि चिमूट धरायला गेल्या, तर चिमूट जुळेना. अंगठा आणि बोट एकमेकांजवळ यायचे आणि अर्ध्यातच थांबायचे. दोनदा प्रयत्न केला. बायका गाणं म्हणत होत्या, त्या गाता गाता थांबल्या. शेवटी बाईंनी मूठ तशीच वाकडी ठेवून बोटाचं पेर कुंकवात बुडवलं आणि मुलीच्या कपाळाला टेकवलं. टिळा भलताच मोठा उमटला. मुलीची ती आजी काठीवर हनुवटी ठेवून हे पाहत होती. तिनं लेकीकडून ओला रुमाल मागून घेतला आणि बाईंचं बोट पुसून दिलं. माझी बायको साडभाऊसमोर जाऊन उभी राहिली. "भाऊजी, पुरे झाली तुमची वही. उद्या सकाळच्या बसनं चंद्रपूर." तो गोंधळून म्हणाला, "पण काल दोन-चार होती." आणि बसमध्ये चढताना त्यानं वही काखेत घेतली होती, डॉक्टरांना दाखवायला. तो घाबरलेला नव्हता. त्याला वाटत होतं, डॉक्टर वही पाहून थक्क होतील.

चंद्रपूरच्या त्या दवाखान्यात हातांचा एक्स-रे काढायला सांगितलं. एक्स-रे काढणारी मुलगी म्हणाली, मावशी, बांगड्या काढा. बाईंच्या उजव्या हातात काही नव्हतं, तो प्रयोगासाठी मोकळा असायचा. डाव्या हातात पाच हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. बाईंनी ओढून पाहिल्या. पेरांवर येऊन अडकल्या. साडभाऊ हसून म्हणाला, "निघतात ना! ह्या तं दोन-आठच्या हायेत. दोन्ही हात सारखेच सुजले, आन् ती तं रोज दोन-चार घालते." बाईंनी पुन्हा ओढल्या, ओठ दाताखाली धरला. निघेनात. तो म्हणाला, "अवं, रोज निघते तं आज काऊन नाई निघत?" बाई अगदी हळू म्हणाल्या, "इथी तेल नाई ना."

"कोणतं तेल?"

"मोहाचं. चुलीपाशी राह्यते ते. रोज लावत होती मी."

मोहाच्या बियांचं तेल त्या घरात नेहमीच चुलीजवळ असायचं, त्याच्या वासाची कोणाला नवलाई नव्हती. हा घड्याळाकडे तोंड करून बसलेला असताना बाई हाताला तेल चोपडायच्या, बोटं एकमेकांवर दाबायच्या, तोंडात पदर धरायच्या आणि बांगडी ढकलायच्या. कासाराच्या दुकानात नव्या नवरीचा हात दाबतात तसा स्वतःचा हात दाबायच्या. मग पदर सोडून म्हणायच्या, झालं. मला वाटलं आता हा ओरडेल, नाहीतर कोसळेल. पण आयुष्यभराची खोड जात नाही. त्यानं विचारलं, "कोणत्या दिवसापासून?" बाई म्हणाल्या, "पयल्याच तरोट्यापासून. नववा का दहावा दिवस असन. आकडा वाढला म्हून तुमी जेवले नाई त्या दिवशी. दिवसभर भिताडाकडं तोंड करून बसले होते." मग म्हणाल्या, "मले वाटलं, माहे हात तं जाऊनच राह्यले, तुमी तरी राहा."

मी दुसरीकडे पाहू लागलो. माझी बायको दाराआड जाऊन रडत होती. साडभाऊनं वही उघडली, पहिलं पान पाहिलं, मिटली. म्हणाला, "म्हंजे एक बदल लिहाचा राह्यला." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडचं हे एकच वाक्य असेल, ज्यावर हसावं की काय करावं ते मला आजही कळलेलं नाही.

बांगड्या फोडाव्या लागणार होत्या. आमच्याकडे बांगडी फोडली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. एक्स-रे काढणारी म्हणाली, मी करते. तो म्हणाला, नाही, मी. त्यानं बाईंचा हात आपल्या हातात घेतला, त्यांच्याच पदराचं टोक बांगड्यांखाली सारलं, आणि तिथेच थांबला. "हात गरम हाये तुहा," म्हणाला. बाई म्हणाल्या, "राह्यतेच ना गरम." त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दाहाची लक्षणं किती, असं तो वर्गात विचारायचा आणि पोरं सुरात सांगायची: लाली, सूज, उष्णता, वेदना. चारांपैकी एकच त्यानं मोजली होती, आणि तीसुद्धा पाठ फिरवून. सूज मोजायला लागल्यापासून त्यानं त्या हाताला हात लावलाच नव्हता. एकेक करून त्यानं पाचही बांगड्या पदरात वाढवल्या आणि काचा स्वतःच्या खिशात, मिऱ्याच्या डबीशेजारी, ठेवल्या.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि मनानं चांगल्या. त्यांनी त्याची वही पुरती चाळली, कोतवालाची गोष्टही ऐकून घेतली. म्हणाल्या, "सर, तुम्ही वाचलं ते खोटं नाही. काचेच्या बशीतल्या पेशींवर हळदीचा अंश टाकला तर जनुकं वेगळी वागतात, हे दिसतं. पण ताटातून पोटात आणि पोटातून रक्तात जाईपर्यंत त्यातला फार थोडा उरतो. भाज्या खाच, चांगल्या आहेत. पण यांचा कोतवाल भाजीचं ऐकण्यातला नाही." मग एक्स-रे प्रकाशासमोर धरून त्यांनी बोटांचे सांधे दाखवले. गोळ्यांनी पुढचं थांबेल, दुखणं कमी होईल. वाकलं ते आता सरळ होणार नाही. साडभाऊनं विचारलं, "आठ महिन्यांआधी आलो असतो तर?" त्यांनी एक्स-रे पाकिटात घातला. त्यांना खोटं बोलता येत नसावं. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. कंडक्टर ओळखीचा निघाला, गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, सर, जवस खाऊन राह्यलो बरं का, फरक हाये. साडभाऊ त्याला म्हणाला, "डॉक्टरले दाखवजो बाप्पा." तेवढंच म्हणाला.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी दुखणं खरंच उतरलं, बाईंना झोप लागू लागली. घरात भाज्या अजूनही त्याच येतात, पण आता चार-पाच प्रकारच्या एकाच गंजात, पातेल्यात म्हणा, शिजतात, आणि कोणती काय करते हे तो विचारत नाही. गोंड मावशी विचारते, गुरुजी, वास्ते कायले नेता? तो म्हणतो, पोट भरायला. भाकर तो स्वतः थापतो. ती पाहून माणसाला भूक लागत नाही, पण मी तीन खाल्ल्या. मी त्याला कधी दोष देत नाही, आणि माझं स्वतःचं काय ते त्याला सांगायचा धीरही मला अजून झालेला नाही. कधी वाटतं, तो मूर्ख असता तर बरं झालं असतं. मूर्खावर रागावता येतं. हा त्या बाईवर जीव टाकत होता, आणि नेमकं त्यापायीच तिच्याकडे पाठ करून बसला होता.

मागच्या महिन्यात आम्ही धानोऱ्याला गेलो तेव्हा बाईंचे दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले दिसले. साडभाऊ कासाराकडे जाऊन सगळ्यांत मोठं माप घेऊन आला होता. वाकडी बोटं पार करायला एवढं मोठं माप लागतं, आणि मनगट तर वाळून काडी झालेलं, त्यामुळे हात वर केला की बांगड्या खळखळत कोपरापर्यंत जातात. कामात अडथळा नको म्हणून बाईंनी त्या दोऱ्यानं बांधल्या होत्या. बायको म्हणाली, कासारीण इतक्या अलगद भरते? बाई लाजल्या. "कासारीण कायची, यायनंच भरल्या. तेल लावून, अर्धा दिवस लावला. एकेका बांगडीले विचारत होते, दुखते का? मी म्हणो नाई. तं म्हणत, खरं सांग. मंग मी म्हणो, हो, दुखते. तं थांबत."

साडभाऊ तेव्हा बाजारात गेला होता. भिंतीतल्या दिवळीत ती वही दिसली म्हणून मी उघडली. चंद्रपूरच्या आदल्या दिवसापर्यंतच्या सगळ्या पानांवर त्यानं पट्टीनं एक-एक तिरकी रेघ ओढली होती. त्यानंतरची पानं कोरी. अगदी शेवटी, त्याच वळणदार मास्तरी अक्षरात, एकच नोंद होती: आज दोन-बारा. दोन्ही हात. तेल लावले. निरीक्षकाचा हात लागला. नोंद बाद.

मी वही होती तशी ठेवून दिली. आतून बांगड्या वाजल्या, आणि बाईंनी जेवायला हाक मारली.